नवा लॅपटॉप, तुटणारे वाय-फाय : दोष कोठे शोधावा?

जीएसटीचे मासिक विवरण भरणाऱ्या व्यापाऱ्याला महिन्याची ११ तारीख विसरून चालत नाही. त्या दिवसापर्यंत जीएसटीआर-१ भरले, म्हणजे आपण कापलेली बिले गिऱ्हाईकाच्या २-बी या तक्त्यात दिसतात आणि त्याला त्या महिन्याचे क्रेडिट मिळते. एक दिवस उशीर झाला, तर तीच बिले पुढच्या महिन्याच्या तक्त्यात जातात. माल आपण वेळेवर दिलेला असतो, पैसेही त्याने वेळेवर दिलेले असतात. पण कर मात्र त्याला खिशातून भरावा लागतो.

गेल्या मे महिन्यात माझ्याकडून हेच घडले. दुकान बंद करून रात्री घरी निवांत बसून काम करता यावे म्हणून मी नवा लॅपटॉप घेतला होता. ११ तारखेला रात्री बिले चढवायला बसलो. पान उघडे, अर्धे काम होई आणि वाय-फाय तुटे. मोबाईलवर ओटीपी येई, तो टाकेपर्यंत जोडणी गेलेली. बारा वाजून गेले आणि विवरण राहिले ते राहिलेच. तीन दिवसांनी मूर्तिजापूर आणि परतवाड्याच्या जुन्या गिऱ्हाइकांचे फोन आले. "भाईजान, तुमची बिले दिसत नाहीत." तीस वर्षांच्या कारोबारात उधारीवरून बोलणी ऐकली होती, पण वेळ चुकल्याबद्दल कधी ऐकावी लागली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी तडक लॅपटॉप विकणाऱ्याच्या दुकानात गेलो आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्या तरुणाला नको ते बोललो. त्याने उलट उत्तर दिले नाही. लॅपटॉप घेतला, आपल्या दुकानातील वाय-फायला जोडला आणि माझ्यासमोर तासभर चालवून दाखवला. एकदाही जोडणी तुटली नाही. मी लॅपटॉप काखेत मारून गप्प घरी आलो. मग जे शोधले, ते व्यापारी आणि कारागीर बंधूंच्या उपयोगी पडावे म्हणून येथे लिहीत आहे.

माल कोणत्या नाक्यावर अडला?

सुरतेहून निघालेली गाठ अमरावतीला पोहोचली नाही, तर आपण काय करतो? पाठवणाऱ्यावर लगेच आरोप करत नाही. बिल्टी हातात घेतो आणि माल ट्रान्सपोर्टला दिला का, गाडी निघाली का, गोदामात उतरली का, हे टप्प्याटप्प्याने विचारतो. इंटरनेटचेही तसेच आहे. त्याचे ढोबळ चार टप्पे आहेत : आपला लॅपटॉप, लॅपटॉपपासून राऊटरपर्यंतचा बिनतारी रस्ता, राऊटर, आणि राऊटरपासून बाहेर कंपनीकडे जाणारी तार. वाय-फाय फक्त दुसऱ्या टप्प्याचे नाव आहे. आपण मात्र चारही टप्प्यांच्या बिघाडाला "वाय-फाय गेले" असेच म्हणतो आणि तेथेच फसतो.

टप्पा ओळखण्याची पहिली परीक्षा बिनखर्चाची आहे. लॅपटॉपची जोडणी तुटेल त्याच क्षणी, त्याच खोलीत, त्याच वाय-फायवर असलेला मोबाईल पाहावा. मोबाईल चालत असेल, तर दोष बहुधा लॅपटॉपचा. तोही बंद असेल, तर लॅपटॉप निर्दोष समजावा. दुसरी परीक्षा : लॅपटॉप राऊटरपासून पाच-सहा फुटांवर नेऊन अर्धा तास चालवावा. जवळ चालतो आणि दूर तुटतो, तर अडचण मधल्या रस्त्यात आहे. तिसरी : राऊटरवरचे दिवे पाहावेत. फायबरच्या डब्यावर 'लॉस' नावाचा दिवा लाल झाला, तर बाहेरची तार तुटली किंवा वाकली आहे, घरात कितीही खटपट केली तरी उपयोग नाही.

चौथी परीक्षा घरातल्या संगणक शिकणाऱ्या मुलाकडून करवून घ्यावी. 'पिंग' नावाची एक आज्ञा लॅपटॉपमध्ये असते. ती समोरच्याला हाक मारते आणि उत्तर किती वेळात आले ते सांगते. एका खिडकीतून राऊटरला आणि दुसरीतून बाहेरच्या एखाद्या पत्त्याला सतत हाक मारत ठेवावी. जोडणी तुटल्यावर राऊटरचेही उत्तर थांबले, तर दोष घरातला. राऊटर उत्तर देतो पण बाहेरून काही येत नाही, तर दोष तारेचा. माझ्या मुलाने हे करून दाखवले तेव्हा राऊटरचेच उत्तर थांबत होते. म्हणजे कंपनीही निर्दोष, दुकानदारही निर्दोष. चोर घरातच होता.

भिंत, कपाट आणि कूलर

आमचे घर जुन्या वस्तीतले. राऊटर पुढच्या खोलीत लोखंडी कपाटावर, छताच्या टिनाला जवळजवळ टेकलेला. मी बसतो मागच्या खोलीत. मध्ये दोन फूट जाडीची विटामातीची भिंत, आणि खिडकीत उन्हाळ्यापुरता बसवलेला पत्र्याचा कूलर. वाय-फायच्या लहरींना लोखंड आडवे आले, की त्या परततात. पाणी आडवे आले, की त्या शोषल्या जातात. पत्र्याचा डबा, आत पाण्याची टाकी आणि तिन्ही बाजूंना भिजलेली वाळ्याची किंवा लाकडाच्या भुशाची जाळी, असा आपला वऱ्हाडी कूलर म्हणजे या लहरींच्या वाटेत उभी केलेली ओली भिंतच होय. लॅपटॉप एप्रिलच्या सुरुवातीला घेतला तेव्हा ठीक चालत होता आणि कूलर लागल्यावर बिघडला, याचा उलगडा तेव्हा झाला.

येथे आणखी एक गोष्ट समजून घ्यावी. बहुतेक राऊटर दोन पट्ट्यांवर चालतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. ५ ची पट्टी वेगवान, पण भिंतीत लवकर दम तोडते. २.४ ची संथ, पण दूरवर आणि भिंतीपलीकडे पोहोचते. दोन्हींना एकच नाव दिलेले असेल, तर लॅपटॉप एकीवरून दुसरीवर उड्या मारतो आणि त्या उडीत काम तुटते. दोन्हींना वेगळी नावे द्यावीत. राऊटरच्या खोलीत बसणाऱ्याने ५ ची, भिंतीपलीकडे बसणाऱ्याने २.४ ची पट्टी धरावी.

२.४ च्या पट्टीला गर्दीचा त्रास आहे. ही पट्टी भारतात २००५ साली परवान्यातून मोकळी झाली. तेव्हापासून शेजाऱ्यांचे राऊटर, ब्लूटूथचे हेडफोन, मायक्रोवेव्हची भट्टी, सारे याच बाजारात बसतात. मगरिबनंतर सगळे घरी येतात आणि जोडणी अडखळू लागते, त्याचे एक कारण हे आहे. राऊटरच्या सेटिंगमध्ये चॅनेल बदलता येते. १, ६ आणि ११ ही तीन चॅनेले एकमेकांवर चढत नाहीत, त्यातले कमी गर्दीचे निवडावे. हिशेबाची नक्कल ठेवण्यासाठी आपण लॅपटॉपला बाहेरची हार्ड डिस्क लावतो. नव्या वेगवान यूएसबी जोडणीतून निघणारा गोंगाटही याच पट्टीत मिसळतो. नक्कल चालू असतानाच वाय-फाय मंदावत असेल, तर डिस्क लांब तारेने दूर ठेवून पाहावी.

डबाही तापतो

तारेच्या तक्रारीसाठी आलेल्या माणसाने आमचा राऊटर हातात घेतला आणि लगेच खाली ठेवला. "काकाजी, हा डबा तं तव्यावानी तापून राह्यला. कोणं ठेवला याले इथं?" घरगुती राऊटर साधारणपणे ४० अंशांपर्यंतच्या हवेत काम करण्यासाठी बनवलेले असतात. मे महिन्यात अमरावती-अकोल्याचा पारा ४४-४५ वर जातो, टिनाखाली त्याहून जास्त. डबा तापला, की तो अडखळतो किंवा स्वतःच बंद होऊन पुन्हा सुरू होतो. दुपारी तुटणारी आणि पहाटे ठणठणीत चालणारी जोडणी ही उष्णतेची खूण समजावी. राऊटर कपाटावरून काढून घराच्या मध्यभागी, छातीइतक्या उंचीवर, उघड्या लाकडी फळीवर ठेवावा. त्यावर रुमाल, फुलांची परडी, जुनी पावती-पुस्तके ठेवू नयेत.

अकोल्याचा अनुभव

अमरावतीच्या घरचा दोष सापडला, म्हणून सगळीकडे तोच असेल असे मी समजलो होतो. वसुलीसाठी अकोल्याला जाणे होते, तेव्हा बहिणीकडे मुक्काम असतो. अमरावती-अकोला रस्त्यावर लोणी ते माना या भागात जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरी पट्टा टाकून गिनीज विक्रम झाला. एवढा रस्ता पाच दिवसांत होतो, पण बहिणीच्या घरात राऊटरपासून दहा फुटांवर बसून एक बिल चढत नव्हते. भिंत नाही, कपाट नाही, डबाही थंड. तरी कूलर सुरू केला, की जोडणी जाई.

भाचीने सांगितले, "मामू, दिव्याकडे बघा." कूलरचे बटण दाबताच राऊटरचे सारे दिवे क्षणभर विझले. राऊटर आणि कूलर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर होते आणि बोर्डाच्या पट्ट्या ढिल्या झाल्या होत्या. राऊटर विझून पुन्हा उभा राहायला दोन-तीन मिनिटे घेतो, तेवढ्यात आपले काम गेलेले असते. राऊटरचा प्लग भिंतीतल्या स्वतंत्र, घट्ट सॉकेटमध्ये लावला आणि तक्रार संपली. वीज वारंवार जाते तेथे राऊटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. घेताना राऊटरच्या अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट जुळवून घ्यावेत आणि अँपिअर त्यापेक्षा कमी नसावेत, नाहीतर डबाच जळेल.

दोष लॅपटॉपचाच निघाला तर?

कधी कधी लॅपटॉपही दोषी असतो, पण बिघाड बहुधा सेटिंगचा असतो, यंत्राचा नव्हे. तेव्हा चार गोष्टी कराव्यात.

१) लॅपटॉपवरील जुनी वाय-फाय नोंद 'फर्गेट' करून पासवर्ड पुन्हा टाकावा.

२) बॅटरी वाचवण्यासाठी लॅपटॉप वाय-फायचा भाग झोपवतो. 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये वाय-फायच्या नावावर जाऊन 'पॉवर मॅनेजमेंट'मधली खूण काढावी. काही नव्या लॅपटॉपांत हा पर्याय दिसत नाही, त्यांनी पुढचा उपाय करावा.

३) ड्रायव्हर, म्हणजे वाय-फायचा भाग चालवणारी आज्ञावली, लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच नवी घ्यावी. वाय-फाय चालतच नसेल, तर मोबाईल तारेने जोडून त्याचे इंटरनेट लॅपटॉपला देता येते.

४) लॅपटॉपची तारीख आणि वेळ तपासावी. ती चुकली असेल, तर वाय-फाय ठीक असूनही सरकारी पाने उघडत नाहीत.

एक वेळी एकच बदल करावा आणि तो कागदावर लिहावा. चार बदल एकदम केले, तर कशाने गुण आला ते कधीच कळत नाही.

येथे एक इशारा. घाईत इंटरनेटवर 'कस्टमर केअर'चा नंबर शोधून फोन लावू नये. तेथे खोटे नंबर पेरलेले असतात. समोरचा गोड बोलून एखादे ॲप उतरवायला सांगतो, लॅपटॉपचा ताबा घेतो आणि खाते रिकामे करतो. नंबर बिलावरचा किंवा हमीपत्रावरचाच घ्यावा. फसवणूक झालीच, तर विलंब न करता १९३० वर कळवावे. बाहेरच्या तारेचा दोष असेल, तर कंपनीकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवावा. तेवढ्याने भागले नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते. विकलेल्या वस्तूबद्दल ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहे. पण या सर्वांना पहिला प्रश्न हाच असतो, दोष कोणत्या टप्प्यात आहे? उत्तर लिहिलेला कागद हाती असेल, तर बोलणे वजनदार होते.

आता मी जीएसटीआर-१ साठी ११ तारखेची वाट पाहत नाही. ८ तारखेला बिले चढवून मोकळा होतो. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप कसा जोडायचा, तेही शिकून घेतले आहे. आमच्या पिढीचे शिक्षण उर्दू शाळेत झाले, पडद्यावरचे इंग्रजी शब्द पाहून हात थबकतो हे खरे. पण बिल्टी वाचता येणाऱ्याला हे चार टप्पे समजणे कठीण नाही.

एक काम राहिले होते. मूर्तिजापूर-परतवाड्याच्या गिऱ्हाइकांना फोन करून चूक माझी होती हे सांगितले. मग लॅपटॉप विकणाऱ्या त्या तरुणाच्या दुकानात गेलो आणि चार लोकांसमोर बोललो होतो, म्हणून चार लोकांसमोरच माफी मागितली. तो हसला. म्हणाला, "चाचा, आधी चहा घ्या. आणि दोष कसा सापडला ते सांगा, दुसऱ्या गिऱ्हाइकांना सांगायला कामी येईल." गल्ल्यावर बसून आपणही रोज असे आरोप ऐकतो : रंग गेला, कापड आटले, माप कमी भरले. कधी चूक आपली असते, कधी धुणाऱ्याची. तपासल्याशिवाय कोणाला खोटे ठरवले, तर आपल्याला कसे वाटते, हे कापडवाल्याला वेगळे सांगायला नको.