तंजावरचे राजे आणि तंजावरची विद्या

समुद्राला मिळण्यापूर्वी कावेरी नदी अनेक फाट्यांत विभागली जाते आणि या फाट्यांनी आणलेल्या गाळाच्या जमिनीवर तमिळनाडूतील सर्वांत समृद्ध भातशेती पसरलेली आहे. तंजावर हे शहर या त्रिभुज प्रदेशाच्या कडेशी वसले आहे. करिकाल चोळ राजाच्या नावाशी जोडलेला कल्लणै हा प्राचीन बंधारा नदीचे पाणी या शेतीकडे वळवतो, आणि त्या पाण्यावर पिकलेल्या भाताने हजार वर्षे येथील देवळे, राजवाडे, पाठशाळा आणि कलावंत यांना पोसले. चोळांची तमिळ, नायकांची तेलुगू आणि भोसल्यांची मराठी अशा तीन दरबारी भाषा या शहराने पाहिल्या, आणि संस्कृत तर तिन्ही काळांत होतीच. विशेष हे की नवा राजवंश आला म्हणून आधीच्या भाषेची हकालपट्टी झाली नाही. तंजावरच्या इतिहासाकडे पाहताना आणखी एक गोष्ट ठळकपणे दिसते : राज्याचे बळ जसजसे आटत गेले, तसतसा विद्येचा व्याप वाढत गेला.

इसवी सनाच्या नवव्या शतकाच्या मध्यास विजयालय चोळाने तंजावर जिंकले आणि पुढे पहिल्या राजराजाच्या काळात (९८५ ते १०१४) ते दक्षिण भारतातील सर्वांत प्रबळ सत्तेचे केंद्र झाले. राजराजाने बांधलेले बृहदीश्वराचे मंदिर, ज्याला तेथील लोक ‘पेरिय कोविल’ म्हणजे मोठे देऊळ म्हणतात, १०१० मध्ये पूर्ण झाले. या मंदिराच्या साठ मीटरांहून उंच विमानाचे, म्हणजे गाभाऱ्यावरील शिखराचे, वर्णन पुष्कळांनी केले आहे. त्या मानाने भिंतींवर कोरलेल्या तमिळ लेखांकडे सामान्य प्रवाशाचे लक्ष कमी जाते. देवाला मिळालेले दागिने आणि जमिनी यांबरोबरच मंदिराच्या सेवेत आणलेल्या चारशे नर्तकींची नावे, त्या कोणत्या गावच्या देवळातून आल्या आणि त्यांना कोणत्या रस्त्यावरचे कितवे घर दिले, हेही या लेखांत नोंदलेले आहे. गायक, वादक, हिशेबनीस, शिंपी, सोनार अशा सेवकांचे वाटेही तेथे सांगितले आहेत. कला आणि कारागिरी वंशपरंपरेने शिकवणारी माणसे एका ठिकाणी वसवून त्यांच्या उपजीविकेची धान्यात तरतूद करणे ही त्या काळाची शिक्षणव्यवस्थाच होती, आणि नृत्य व संगीत यांचे तंजावरशी जडलेले नाते तिच्यापासून सुरू होते.

चोळांनंतर काही काळ पांड्य आणि नंतर विजयनगर यांच्या ताब्यात गेलेल्या या प्रदेशावर सोळाव्या शतकात सेवप्पा नायकाने आपल्या घराण्याचा अंमल बसवला. नायक हे मूळचे विजयनगरचे सुभेदार आणि तेलुगूभाषक होते. रघुनाथ नायक स्वतः कवी व संगीतज्ञ होता आणि गोविंद दीक्षितांसारखा पंडित त्याचा प्रधान होता. गोविंद दीक्षितांचे पुत्र वेंकटमखी यांनी पुढे ‘चतुर्दंडी प्रकाशिका’ या ग्रंथात बहात्तर मेळांची, म्हणजे रागांच्या मूळ स्वरसंचांची, जी मांडणी केली, तिच्यावर आजच्या कर्नाटक संगीताची रागव्यवस्था आधारलेली आहे. रामभद्रांबा, रंगाजम्मा यांसारख्या कवयित्री या दरबारात मानाने वावरल्या. राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाचा आरंभही नायकांच्याच काळातला आहे.

१६७३ मध्ये मदुरेच्या नायकाने तंजावर घेतले आणि विजयराघव नायक लढाईत मारला गेला. त्याच्या वारसाला गादीवर बसवण्यासाठी विजापूरच्या दरबाराने शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी, ज्यांना तंजावरकडे एकोजी म्हणतात, यांना पाठवले. ते काम झाल्यावर काही काळातच व्यंकोजींनी राज्य स्वतःच्या हाती घेतले आणि भोसल्यांची धाकटी पाती कावेरीच्या खोऱ्यात स्थिरावली. १६७७ च्या दक्षिण मोहिमेत शिवाजी महाराज आणि व्यंकोजी यांची भेट होऊन वडिलांच्या जहागिरीचा वाद निघाला, हा भाग महाराष्ट्रातील वाचकांना परिचित आहे. मराठी इतिहासलेखनात तंजावरचा उल्लेख बहुधा याच प्रसंगापुरता येतो आणि पुढची पावणेदोनशे वर्षे दुर्लक्षित राहतात. हे नुकसान मोठे आहे, कारण तंजावरच्या मराठ्यांचे खरे कर्तृत्व त्या नंतरच्या काळातच आहे.

व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे (कारकीर्द १६८४ ते १७१२) यांनी १६९३ मध्ये तिरुविसनल्लूर हे गाव शेहेचाळीस विद्वानांना अग्रहार म्हणून, म्हणजे अध्ययन आणि अध्यापनासाठी करमुक्त वसाहत म्हणून दिले. त्याला शाहजीराजपुरम असे नाव पडले आणि व्याकरण, तत्त्वज्ञान, काव्य या विषयांचे ते दक्षिणेतील मोठे पीठ झाले. राजे स्वतः तेलुगू, मराठी आणि संस्कृत या भाषांत लिहीत. ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे त्यांच्या नावावरील मराठी नाटक सतराव्या शतकाच्या अखेरचे मानले जाते. मराठी रंगभूमीचा आरंभ सांगलीत १८४३ मध्ये झाला असे सांगताना त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधी तंजावरात मराठी नाटके लिहिली जात होती, हे विसरून चालणार नाही. या नाटकांचा ढंग तेलुगू यक्षगानाचा, म्हणजे गाणी, नृत्य आणि संवाद यांनी गुंफलेल्या दाक्षिणात्य नाट्याचा आहे. याच घराण्यातील पुढचे राजे तुळजाजी (पहिले) यांचा ‘संगीत सारामृत’ हा संस्कृत ग्रंथ आणि राजा प्रतापसिंहाच्या दरबारातील मुद्दुपळनी या गणिकेचे तेलुगू काव्य हीदेखील याच परंपरेची फळे आहेत.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र या राज्यावर एकामागून एक आघात झाले. अर्काटचा नवाब आणि ईस्ट इंडिया कंपनी यांनी मिळून १७७३ मध्ये तंजावर घेतले; १७७६ मध्ये दुसऱ्या तुळजाजींना गादी परत मिळाली तरी खजिना रिता झाला होता, आणि १७८१ मध्ये हैदर अलीच्या स्वारीने कालवे व शेती उद्ध्वस्त केली. याच काळात ख्रिश्चन फ्रीडरिख श्वार्ट्झ हा जर्मन मिशनरी तंजावरात राहत होता. तो तमिळ आणि मराठी दोन्ही भाषा जाणत असे आणि दुष्काळात शेतकऱ्यांनी त्याच्या शब्दावर धान्य दिले इतका त्याच्यावर लोकांचा विश्वास होता. देशी मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्या शाळा त्याने १७८५ च्या सुमारास तंजावर, रामनाथपुरम आणि शिवगंगा येथे कंपनीच्या आणि स्थानिक राजांच्या मदतीने उभ्या केल्या. मेकॉलेच्या इंग्रजी शिक्षणावरील प्रसिद्ध टिपणाच्या अर्धशतक आधीची ही गोष्ट आहे.

१७८७ मध्ये मृत्यूपूर्वी तुळजाजींनी दहा वर्षांच्या सरफोजींना दत्तक घेतले. गादी मात्र तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंह यांच्याकडे गेली, सरफोजींना काही वर्षे नजरकैदेसारखी काढावी लागली, आणि अखेर श्वार्ट्झच्या खटपटीने त्यांना शिक्षणासाठी मद्रासला पाठवण्यात आले. १७९८ मध्ये ते गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी झालेल्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे उरला तो तंजावरचा किल्ला, महसुलाचा एक पंचमांश हिस्सा आणि ठरावीक वार्षिक रक्कम. विशीतल्या तरुण राजाला सैन्य नाही, करवसुली नाही, न्यायदानाचा अधिकार नाही, अशी ही अवस्था होती. अशा वेळी चैनीत दिवस घालवणारे संस्थानिक हिंदुस्थानात पुष्कळ झाले. सरफोजींनी चौतीस वर्षांची कारकीर्द विद्येला वाहिली, आणि म्हणूनच तंजावरच्या मराठ्यांमध्ये त्यांचे स्थान सर्वांत वरचे आहे.

त्यांनी सर्वाधिक जिवापाड जपलेली संस्था म्हणजे छत्रे. छत्र (तमिळमध्ये ‘चत्तिरम’) म्हणजे रामेश्वरच्या वाटेवरील यात्रेकरूंसाठी बांधलेली धर्मशाळा आणि अन्नछत्र. यांतील पुष्कळ छत्रांना राजघराण्यातील स्त्रियांची नावे आहेत. नीडामंगलम येथे यमुनांबाळ छत्र आहे, तर ओरत्तनाड येथील मुक्तांबाळ छत्र १८०२ मध्ये सरफोजींनी बांधवले. ही छत्रे आपल्याच हाती राहावीत म्हणून सरफोजींनी १८०१ मध्ये ब्रिटिश रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यास लिहिलेले पत्र शिक्षणाच्या इतिहासात मोलाचे आहे. छत्रात चारही वेदांचे अध्यापक, एक शाळामास्तर आणि सर्पदंशासह निरनिराळ्या रोगांवर इलाज करणारे वैद्य असतात, तेथे येऊन मृत्यू पावलेल्या वाटसरूंची पोरकी मुले शाळामास्तरांच्या स्वाधीन केली जातात, त्यांना तीन वेळा जेवण, ठरावीक दिवसांनी तेलाचे अभ्यंग, कपडे आणि औषध मिळते, असा तपशील त्यात आहे. जी व्यवस्था सरकारी दप्तरात केवळ दानधर्म म्हणून गणली गेली असती, तीत शाळा, दवाखाना आणि अनाथाश्रम एकत्र नांदत होते. कारभार गेलेल्या राजाने छत्रांसाठी इतका आग्रह धरला यावरून त्याच्या मनातील राजधर्म कोणता होता ते कळते.

राजवाड्यात सरफोजींनी ‘नवविद्याकलानिधिशाळा’ सुरू केली. तीत जुनी शास्त्रे आणि युरोपातील नवी शास्त्रे अनेक भाषांतून शिकवण्याची सोय होती, आणि याच नावाच्या देवनागरी छापखान्यातून एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात ‘बालबोधमुक्तावली’ हे इसापनीतीचे मराठी भाषांतर निघाले. मुंबई आणि पुणे येथे मराठी पाठ्यपुस्तके तयार होऊ लागण्याच्या कितीतरी आधी तंजावरच्या मुलांच्या हाती छापील मराठी पुस्तक आले होते. याहूनही कल्पक प्रयोग म्हणजे सरफोजींचे ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाट्य. डोंगरदऱ्यांतून फिरणारी कुरव जमातीची स्त्री नायिकेला भविष्य सांगते, हा तमिळ कुरवंजीचा ठरलेला साचा. सरफोजींनी त्या भटक्या स्त्रीच्या तोंडी साऱ्या जगाचा भूगोल घातला आणि खंड, देश, नद्या यांची माहिती गाण्यांतून शिकण्याची सोय केली. तमिळ नाट्यप्रकार, मराठी भाषा आणि युरोपीय भूगोल यांचा असा मिलाफ त्या काळी दुसऱ्या कोणत्या दरबारात झाला असेल असे वाटत नाही.

‘धन्वंतरी महाल’ येथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य पद्धतींचे वैद्य एकत्र काम करीत. डोळ्यांच्या रुग्णांच्या तेथील नोंदी, आजारी डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, अजून जपलेल्या आहेत. गुणकारी ठरलेले उपचार तमिळ पद्यात बांधून ठेवण्यात आले. १८२६ मध्ये तंजावरला आलेल्या बिशप हेबरने राजाच्या लाव्हाझिए, लिनियस, बफाँ यांच्या शास्त्रीय ग्रंथांशी असलेल्या परिचयाची नोंद केली आहे. १८२० ते १८२२ या काळात सरफोजींनी काशीयात्रा केली, तेव्हा वाटेत आणि काशीत पंडितांकडून हस्तलिखिते मिळवली, काहींच्या नकला करवून घेतल्या. या प्रवासाचे वर्णन करणाऱ्या मराठी लावण्याही उपलब्ध आहेत. नायकांनी सुरू केलेला ग्रंथसंग्रह असा वाढत गेला आणि आज ‘सरस्वती महाल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथालयात चाळीस हजारांहून अधिक हस्तलिखिते आहेत. त्यांत संस्कृतचा वाटा सर्वांत मोठा असून मराठी हस्तलिखितांची संख्याही हजारांत जाते.

सरफोजींनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत लिहवून घेऊन तो राजराजाच्याच मोठ्या देवळाच्या भिंतीवर कोरवला. तमिळ लेखांच्या शेजारी असलेला हा भोसलेवंशचरित्राचा शिलालेख भारतातील अतिदीर्घ लेखांत गणला जातो. याच काळात त्यागराज, मुत्तुस्वामी दीक्षितर आणि श्यामा शास्त्री हे कर्नाटक संगीताचे तीन श्रेष्ठ रचनाकार या प्रदेशात होऊन गेले, आणि चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम व वडिवेलु या चार भावांनी आजच्या भरतनाट्यमच्या शिक्षणक्रमाची घडी बसवली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातून आलेल्या कीर्तनकारांकडून स्फूर्ती घेऊन तंजावर कृष्ण भागवतर यांनी तमिळ हरिकथेला नवे रूप दिले.

सरफोजींचे पुत्र शिवाजी १८५५ मध्ये औरस पुत्राविना वारले आणि कंपनीने राज्य खालसा केले. राजवाड्यातील खासगी मालमत्ताही जप्त झाली, तेव्हा राणी कामाक्षीबाईंनी दावा लावला. १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने ही जप्ती राज्यकृत्य असल्याचे सांगून त्यात हात घालण्यास नकार दिला. पुढे काही मालमत्ता राण्यांना परत मिळाली. सरस्वती महाल राजवाड्यातच राहिला आणि ए. सी. बर्नेल या न्यायाधीशाने त्यातील संस्कृत ग्रंथांची सूची केली, तिने युरोपातील पंडितांना या संग्रहाची ओळख झाली. १९१८ मध्ये ग्रंथालय सर्वसामान्यांना खुले झाले. दरबार मोडल्यावर मराठी कारकून आणि पंडित घराण्यांतील मुले इंग्रजी शाळांकडे वळली. या घराण्यांच्याच देशस्थ ब्राह्मण समाजात कुंभकोणम येथे १८२८ मध्ये जन्मलेले टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाण झाले. सयाजीराव गायकवाड अल्पवयीन असताना बडोद्याच्या कारभाराची घडी त्यांनीच बसवली.

विसाव्या शतकात शहराच्या विद्येला तमिळ अस्मितेचे नवे वळण मिळाले. १९११ मध्ये करंदै तमिळ संघ स्थापन झाला, अब्राहम पंडितर यांनी संगीत परिषदा भरवून १९१७ मध्ये ‘करुणामृत सागरम’ हा तमिळ संगीतावरील प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि १९८१ मध्ये तमिळ भाषेच्या संशोधनासाठी स्वतंत्र तमिळ विद्यापीठ तंजावरातच उभे राहिले. १९५५ मध्ये निघालेल्या शासकीय महाविद्यालयाला राजा सरफोजींचे नाव देण्यात आले. भाताच्या प्रदेशाला साजेशी अन्नप्रक्रियेची राष्ट्रीय संस्थाही येथे आहे.

भोसल्यांच्या दरबाराचे मोडी कागद सरस्वती महाल आणि तमिळ विद्यापीठ या दोन्ही ठिकाणी रुमालांत, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांत ठेवलेले आहेत. राजवाड्याचा रोजचा खर्च, छत्रांचे हिशेब, नर्तकींचे पगार, औषधांची खरेदी, शाळांच्या नेमणुका असा सारा कारभार त्यांत उतरला आहे. त्यांतील निवडक कागदांचा तमिळ अनुवाद विद्यापीठाने तीन खंडांत प्रसिद्ध केला. मराठी वाचकांसाठी या कागदांवर तितके पद्धतशीर काम झालेले नाही. तंजावरातील ज्या कुटुंबांच्या पूर्वजांनी हे कागद लिहिले, त्यांच्या घरांत तमिळ आणि कन्नड शब्द मिसळलेली जुन्या वळणाची मराठी अजून बोलली जाते, मात्र मुले शाळेत तमिळ आणि इंग्रजीच शिकतात. मोडी तर दूरच, देवनागरी मराठी वाचणारेही त्यांच्यात थोडेच आहेत, आणि रुमालांतले बरेचसे कागद अजून वाचले जायचे आहेत.