बोटांवरचे सरी-वरंबे

शेजारच्या मावशी बांधकामावर बिगारी काम करतात. माल कालवून, विटा उचलून त्यांच्या बोटांची टोकं पार गुळगुळीत झाली आहेत. उन्हाळ्यात रेशन दुकानात त्यांनी अंगठा पदराला पुसून तीनदा मशीनवर ठेवला. "घेत नाही, मावशी," एवढंच उत्तर मिळालं. मी तो अंगठा उजेडात धरून पाहिला. रेषा जवळजवळ पुसल्या होत्या. त्यांचा साचा मात्र शाबूत होता, कारण तो असतो कातडीच्या आत.

आपल्या त्वचेचे दोन मुख्य थर: वर बाह्यत्वचा, खाली अंतस्त्वचा. बोटांच्या टोकांवर त्यांचा सांधा सपाट नसतो. वर दिसणाऱ्या प्रत्येक वरंब्याखाली बाह्यत्वचेची एक घडी अंतस्त्वचेत खोल रुतलेली असते. वरंब्याच्या माथ्यावर घामाच्या ग्रंथींची तोंडं उघडतात, आणि घडीच्या तळाशी स्पर्श टिपणाऱ्या मर्केल पेशी दाटीने बसलेल्या असतात.

ही मशागत आईच्या पोटातच होते. गर्भाच्या बोटांवर सुरुवातीला फुगीर उशा असतात. साधारण दहाव्या-अकराव्या आठवड्यापासून त्या बसू लागतात आणि त्याच सुमारास बाह्यत्वचेचा तळचा थर ओळीओळीने खाली वाढू लागतो. एडिंबरा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ साली दाखवलं, की या ओळी लाटांसारख्या तीन जागांहून पसरतात: नखाजवळून, उशीच्या मध्यावरून आणि पेराच्या घडीकडून. काही रेणू वाढीला चेतवतात, काही रोखतात. त्या ओढाताणीतून पट्टे उमटतात. असं घडू शकतं, हे ॲलन ट्युरिंग यांनी १९५२ सालीच गणिताने मांडलं होतं. लाटा कुठे आणि कशा भिडतात, त्यावर शंख, चक्र की कमान हे ठरतं. बारीकसारीक वळणं गर्भातल्या योगायोगावर अवलंबून असल्याने जुळ्या भावंडांचेही ठसे वेगळे असतात.

ही नक्षी एकट्या माणसाची नाही. चिंपांझी, गोरिला यांच्या हातापायांवर ती आहे. दक्षिण अमेरिकेतलं कोळी माकड शेपटीने फांदी धरतं, म्हणून त्याच्या शेपटीच्या उघड्या टोकावरही वरंबे असतात. कोआला तर पिशवीवाला प्राणी; त्याचे आणि आपले पूर्वज दहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळे झाले. तरी त्याच्या बोटांचे ठसे आपल्याशी इतके मिळतात, की सूक्ष्मदर्शकाखालीही फरक सांगणं अवघड जातं. झाड घट्ट धरायचं आणि पान चाचपायचं, ही गरज सारखी. त्वचेने उत्तरही सारखंच शोधलं. गाईच्या ओल्या नाकावरची नक्षी वेगळ्या घडणीची, पण तीही प्रत्येकीची निराळी. म्हणूनच गुरांची ओळख पटवायला तिचा ठसा घेतात.

पावसाळ्यात बांधकाम थांबलं, मावशींच्या हातांना विसावा मिळाला. बाह्यत्वचा तळातून नवी होत असते. जुन्याच साच्यावरून त्याच रेषा पुन्हा वर आल्या. पुढच्या खेपेला मशीनने अंगठा घेतला. पण मधल्या महिन्यांत त्यांना धान्यासाठी हेलपाटे घालावे लागले, ते मनातून जात नाही. कष्टाने झिजते ती वरची कातडी. तेवढ्यावरून कुणाची ओळख नाकारली जाऊ नये, कुणाचं धान्य अडू नये.