महाग पेट्रोलचा हिशेब : मेहकरच्या दुचाकीला ‘९५’ ऑक्टेन कितपत मानवते?

मेहकर (ता. भालकी, जि. बिदर) : सीमाभागातील माणूस पेट्रोलच्या दराबाबत मुळातच चोखंदळ असतो. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत बिदर जिल्हा कर्नाटकात गेला; पण भालकी तालुक्यातील मेहकर आणि भोवतालच्या गावांचा बाजारहाट, सोयरीक आणि बोलणे आजही उदगीर-निलंग्याशी जोडलेले आहे. त्यामुळे कोणत्या बाजूला टाकी भरावी, हा प्रश्न इथे रोजचाच. गोव्यातील वाचकांनाही तो नवा नाही. २०१२मध्ये मनोहर पर्रीकर सरकारने पेट्रोलवरील मूल्यवर्धित कर जवळजवळ शून्यावर आणला आणि दर लिटरमागे सुमारे ११ रुपयांनी उतरला, तेव्हा सिंधुदुर्गातील दुचाक्या गोव्यातील पंपांवर कशा वळल्या, हे पेडणे तालुक्याने पाहिले आहे. कर्नाटकाने जून २०२४मध्ये पेट्रोलवरील विक्रीकर २५.९२ टक्क्यांवरून २९.८४ टक्क्यांवर नेला आणि दर लिटरला तीन रुपयांनी चढला, त्या वेळी बिदरच्या सीमेवरही असाच हिशेब नव्याने मांडला गेला.

एका रुपयासाठी एवढा विचार करणारा हाच ग्राहक पंपावर ‘साधे घालू की पॉवर?’ या प्रश्नापाशी मात्र अडखळतो. शेजारच्या नोझलमधील इंधन लिटरमागे सात-आठ रुपयांनी महाग असते. त्यावर ९५ हा आकडा ठळक अक्षरांत असतो. इंजिनाचे आयुष्य वाढते, गाडी हलकी चालते, ॲव्हरेज सुधारते, असे कोणीतरी सांगितलेले असते. नवी गाडी घेतली असेल तर हौसही असते. हे जादा पैसे नेमके कशाचे, हे समजून घेण्यासाठी आधी ऑक्टेन या शब्दाचा उलगडा करावा लागतो.

पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि इंधन यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये दाबले जाते आणि ठरलेल्या क्षणी प्लगची ठिणगी त्याला पेटवते. ज्योत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे क्रमाने सरकावी, अशी अपेक्षा असते. कधी कधी मात्र ज्योत पोहोचण्याआधीच पुढचे मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेट घेते. दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आदळतात आणि धातूवर धातू आपटल्यासारखा आवाज येतो. यालाच नॉकिंग म्हणतात. ते दीर्घकाळ चालू राहिले तर पिस्टन खराब होतो. अशा अकाली पेट घेण्याला इंधन किती विरोध करते, याचे मोजमाप म्हणजे ऑक्टेन क्रमांक. १९२०च्या दशकात अमेरिकेत ही पट्टी ठरली. चटकन पेटणाऱ्या हेप्टेनला शून्य आणि दाब सोसणाऱ्या आयसो-ऑक्टेनला १०० असे गुण दिले गेले. ९१ ऑक्टेनचे पेट्रोल म्हणजे चाचणीच्या इंजिनात ९१ भाग आयसो-ऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणासारखे वागणारे पेट्रोल. (अमेरिकेतील मुलाकडे जाऊन आलेले लोक तिथल्या पंपावर ८७ आकडा पाहून चकित होतात. तिथे दोन निरनिराळ्या चाचण्यांची सरासरी लिहितात. तिथले ८७ हे आपल्याकडच्या ९१-९२च्या तोडीचेच असते.)

या व्याख्येत ताकदीचा उल्लेख कुठेही नाही. सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. ऑक्टेन जास्त म्हणजे लिटरमध्ये ऊर्जा जास्त, ही समजूत चुकीची आहे आणि तिचा सर्वांत चांगला पुरावा भालकी तालुक्याच्या उसाच्या फडात उभा आहे. उसापासून होणाऱ्या इथेनॉलचा ऑक्टेन क्रमांक केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाने सुमारे १०८.५ सांगितला आहे. मिश्रणाआधीच्या पेट्रोलचा ८४.४. ऑक्टेन हीच ताकद असती तर इथेनॉलवर गाडी उडायला हवी होती. प्रत्यक्षात एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत जवळपास एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. सोसण्याची शक्ती आणि देण्याची शक्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग जास्त ऑक्टेनची गरज कोणाला? ज्या इंजिनात मिश्रण अधिक दाबले जाते त्याला. दाब जितका अधिक, तितके त्याच इंधनातून अधिक काम निघते. पण नॉकिंगचा धोकाही वाढतो. रॉयल एनफिल्डच्या सध्याच्या क्लासिक ३५०मध्ये हे प्रमाण साडेनवास एक आहे, तर केटीएमच्या ३९० ड्यूकमध्ये साडेबाराच्या वर. टर्बोचार्जर असलेल्या मोटारींत हवाच आधी दाबून आत ढकलली जाते. अशा इंजिनांना जास्त ऑक्टेन उपयोगी पडते. त्यांतील अनेकांत नॉकिंग ओळखणारा संवेदक असतो आणि इंधन चांगले मिळाले तर संगणक ठिणगीची वेळ पुढे आणून त्याचा फायदा उठवतो. शंभर-सव्वाशे सीसीच्या साध्या दुचाकीत मात्र अशी सोय सहसा नसते. तिला ९१ पुरत असेल तर ९५ दिल्याचे तिला कळतच नाही.

अमेरिकेतील ‘ट्रिपल ए’ या मोटारमालकांच्या संघटनेने २०१६मध्ये हे तपासून पाहिले. साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या चार, सहा आणि आठ सिलिंडरच्या मोटारी घेतल्या, त्यांत महाग पेट्रोल घातले आणि शक्ती, इंधनखप, धूर हे सारे मोजले. नोंद घ्यावी असा फरक आढळला नाही. पुढच्या वर्षी त्याच संघटनेने उत्पादकांनी जास्त ऑक्टेनची शिफारस केलेल्या, पण सक्ती न केलेल्या मोटारी तपासल्या. तिथे इंधनखपात सरासरी २.७ टक्के सुधारणा दिसली. किमतीतील फरक वीस-पंचवीस टक्क्यांचा होता. फायदा होता, पण खर्च भरून काढण्याइतका नव्हता.

आता मेहकरचा हिशेब. गावातून रोज भालकीला नोकरीसाठी जाणारा कोणी तरुण जाऊन-येऊन ४० किलोमीटर गाडी चालवतो आणि वर्षाकाठी ३०० दिवस कामावर जातो, असे धरू. गाडी लिटरला ६० किलोमीटर देते. वर्षाचे १२,००० किलोमीटर, म्हणजे २०० लिटर पेट्रोल. हिशेबाच्या सोयीसाठी साध्याचा दर १०३ रुपये आणि ९५ ऑक्टेनचा १११ धरला, तर जादा खर्च वर्षाला १,६०० रुपये होतो. हे पैसे वसूल व्हायचे तर त्याच गाडीने लिटरला सुमारे ६५ किलोमीटर द्यायला हवेत. १०० ऑक्टेनच्या पेट्रोलची गोष्ट तर वेगळीच. इंडियन ऑइलने १ डिसेंबर २०२० रोजी ते दहा शहरांत आणले, त्यांत मुंबई आणि पुणे होते; दिल्लीतील दर १६० रुपये लिटर होता. त्या भावाने खर्च भरून निघायला याच दुचाकीला लिटरमागे ९३ किलोमीटर पळावे लागेल. लिटरला १५ किलोमीटर देणाऱ्या मोटारीचा फरक, तेवढ्याच अंतरासाठी आणि आठच रुपयांच्या तफावतीने, वर्षाला ६,४०० रुपये भरतो. ज्याच्या घरी महिन्याची मिळकत आणि महिन्याचा खर्च यांत बोटभर अंतर असते, त्याला ही रक्कम किरकोळ नाही. १,६०० रुपयांत दुचाकीचे ऑइल वेळच्या वेळी बदलून होते, आणि त्याचा इंजिनाला होणारा लाभ निर्विवाद आहे.

या साऱ्या चर्चेला गेल्या दोन-तीन वर्षांत एक नवे वळण मिळाले आहे, आणि पंपावरच्या फलकावरून ते कळत नाही. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बंगळुरूतील भारत ऊर्जा सप्ताहात २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलची, ई२०ची, विक्री सुरू झाली (पुढच्या वर्षीचा हाच सोहळा गोव्यात बेतूल येथे झाला). २०२५मध्ये देशाने २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट गाठले. इथेनॉल मिसळले की ऑक्टेन आपोआप चढते. मंत्रालयाने ऑगस्ट २०२५मध्ये दिलेल्या स्पष्टीकरणानुसार पूर्वी ८८ असलेले साधे पेट्रोल बीएस-६ मानकात ९१वर आले आणि २० टक्के इथेनॉलमुळे ९५वर पोहोचले. म्हणजे ज्या आकड्यासाठी शेजारच्या नोझलवर सात-आठ रुपये जादा मोजायचे, तो आकडा सरकारच्याच म्हणण्यानुसार साध्या पेट्रोलला मिळालेला आहे. टनभर उसाच्या रसापासून थेट इथेनॉल केले तर सुमारे ७० लिटर मिळते. हुंजीच्या महात्मा गांधी सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याला ऑक्टेन ही परकी वस्तू वाटण्याचे कारण नाही. ते त्याच्याच पिकात आहे.

इतिहासात याला एक विलक्षण पार्श्वभूमी आहे. १९२१मध्ये जनरल मोटर्सच्या थॉमस मिजली यांना शिशाचे एक संयुग पेट्रोलमधील नॉकिंग थांबवते, असे आढळले. मद्यार्कानेही नॉकिंग थांबते, हे तेव्हाही ठाऊक होते; पण शिसे स्वस्त होते आणि त्याचे पेटंट घेता येत होते. जगाने शिसे निवडले आणि पुढची कित्येक दशके ते श्वासातून पोटात घेतले. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री १ फेब्रुवारी २००० रोजी देशभर बंद झाली. शंभर वर्षांपूर्वी बाजूला सारलेला मद्यार्क आता त्याच कामासाठी परतला आहे.

अर्थात परतीचा हा प्रवास फुकट नाही. ऊर्जा कमी असल्याने ॲव्हरेज घटते. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातच मान्य केले आहे की, इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी रचलेल्या आणि १० टक्क्यांच्या मिश्रणासाठी जुळवलेल्या मोटारींत ही घट सहा-सात टक्के, तशाच दुचाकींत तीन-चार टक्के असू शकते. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेते. पावसाळ्यात महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत पाण्याचा थर वेगळा होण्याची शक्यता त्यामुळे वाढते, आणि जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या व सील यांवर परिणाम होतो तो निराळा. म्हणून अलीकडे काही जण इथेनॉल टाळण्यासाठी महाग पेट्रोल मागतात. हा हेतू समजण्यासारखा असला, तरी ९५च्या नोझलने तो साधतोच असे नाही. ९५ हा आकडा इथेनॉल नसल्याची हमी देत नाही. इथेनॉलविरहित म्हणून ओळखले जाते ते १०० ऑक्टेनचे इंधन, आणि त्याचा भाव वर आलाच आहे. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय सर्व पंपांवर मिळावा, ही याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. ग्राहकाला स्वस्त आणि इथेनॉलमुक्त असा पर्याय आज उपलब्ध नाही, ही त्याची तक्रार खरी आहे. मात्र ती ऑक्टेनविषयीची तक्रार नव्हे.

महाग पेट्रोलच्या बाजूने एक मुद्दा प्रामाणिकपणे नोंदवायला हवा. २००२च्या सुमारास भारतात ‘स्पीड’, ‘पॉवर’ अशा नावांची इंधने आली, ती प्रामुख्याने इंजिन स्वच्छ ठेवणाऱ्या रसायनांच्या जोरावर. इंजेक्टर आणि व्हॉल्व्हवर साचणारी काजळी ही रसायने कमी करतात, आणि हा गुण ऑक्टेनपासून स्वतंत्र आहे. ज्यांना त्याचा लाभ हवा आहे त्यांनी अधूनमधून एखादी टाकी भरावी. दर वेळी भरण्याची निकड साध्या दुचाकीला नाही. जुन्या, काजळी धरलेल्या कार्बोरेटरच्या गाडीत चढावर दुहेरी ओझे घेऊन जाताना खरोखरच नॉकिंग होत असेल, तर जास्त ऑक्टेनने आवाज थांबतो. पण आधी मिस्त्रीकडून टॅपेट, प्लग आणि ठिणगीची वेळ तपासून घ्यावी. सैल टॅपेटचा टकटकाट नॉकिंग समजून महिनोन्‌महिने महाग पेट्रोल भरणारे ग्राहक सर्वत्र आढळतात.

कोणते पेट्रोल घालावे, याचे उत्तर गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत असते. टाकीच्या झाकणापाशीही अनेकदा लिहिलेले असते. तिथे ९१ असेल, किंवा ई२० चालेल असे लिहिले असेल, तर साधे पेट्रोल पुरे. ९५ किंवा त्याहून अधिक आवश्यक असल्याचे म्हटले असेल, तर तिथे काटकसर करू नये. आणि पेट्रोल भरल्यावर गाडी अचानक आचके देऊ लागली, तर ऑक्टेनआधी भेसळीचा किंवा पाण्याचा संशय घ्यावा. फिल्टर कागदावर थेंब टाकून पाहण्याची चाचणी आणि पाच लिटरच्या प्रमाणित मापाने मोजून दाखवण्याची मागणी कोणताही ग्राहक कोणत्याही पंपावर करू शकतो. शुद्ध पेट्रोलचा थेंब दोनेक मिनिटांत उडून जातो आणि कागदावर डाग राहत नाही. या चाचणीला पैसे पडत नाहीत.