आठ महिने पडून राहिलेली मोटर

हतनूरचे दरवाजे उघडले की तापीकाठच्या गावांना सावधानतेचे निरोप जाऊ लागतात. धरण भुसावळ तालुक्यात असले तरी त्याच्या ४१ दरवाजांपैकी किती उचलले, यावर शिंदखेडा आणि शहादा तालुक्यांतल्या नदीकाठचे पुढचे दोन दिवस ठरतात. ते पाणी सुलवाडे बॅरेजवर येते, तिथून सारंगखेड्याला, मग प्रकाशाला आणि पुढे गुजरातेत उकाईच्या जलाशयात. सप्टेंबर २०२३ च्या पुरात सारंगखेड्याच्या पुलाचा भराव वाहून गेला आणि दोंडाईचा-शहादा रस्ता तुटला. अशा दिवसांत नदीत बोट उतरवावी लागते, आणि बोटीच्या मागच्या फळीला अडकवलेली मोटर पहिल्या चार-दोन झटक्यांत सुरू व्हावी लागते.

खानदेशात हे काम बरेचदा राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांकडे येते. या दलाच्या तुकड्या धुळे आणि नागपूर येथे आहेत. २३ मे २०२४ रोजी अकोले तालुक्यात सुगावजवळ प्रवरेत बुडालेल्यांचा शोध घेताना धुळ्याच्या तुकडीची बोट भोवऱ्यात सापडून उलटली आणि तीन जवानांना प्राण गमवावे लागले. तिथे घात पाण्याने केला. पण चालत्या मोटारीसह उतरलेल्यांचीही ही गत होऊ शकते, तर धारेच्या मध्यात मोटर बंद पडली आणि पुन्हा सुरू झाली नाही तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

नवी, फ्युएल इंजेक्शनची, फोर-स्ट्रोक मोटर बटण दाबले की चालू होते. अडचण आहे ती जुन्या टू-स्ट्रोक मोटारींची. पंचवीस-चाळीस हॉर्सपॉवरच्या, दोरी ओढून सुरू करायच्या या मोटारी मच्छीमारांकडे, जलाशयांवरच्या बोटक्लबांत आणि सरकारी गोदामांत अजून भरपूर आहेत. मजबूत, हलक्या, उघडायला सोप्या. समुद्रावर रोज चालणारी अशी मोटर वर्षानुवर्षे कुरकुर करत नाही. खानदेशातली मोटर मात्र पावसाळ्याचे काही दिवस चालते आणि उरलेले आठ महिने कोपऱ्यात पडून राहते. तिचे बहुतेक आजार त्या आठ महिन्यांत जडलेले असतात, चालताना नव्हे. म्हणून जून महिन्यात दोरी ओढून दमलेल्या माणसाने आधी आठवावे की ऑक्टोबरात ही मोटर कशी ठेवली होती.

या यंत्राची जात दोंडाईच्यातल्या कोणत्याही जुन्या मेकॅनिकच्या ओळखीची आहे. बजाज चेतक स्कूटर घरोघरी होती त्या काळात सकाळी किक मारून थकलेला माणूस स्कूटर एका कुशीवर आडवी करायचा, प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचा, चोक ओढायचा आणि पुन्हा किक मारायचा. बोटीची टू-स्ट्रोक मोटर त्याच कुळातली: पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचे, कार्बोरेटर तसाच, प्लगचा स्वभाव तसाच. फरक एवढाच की किकच्या जागी दोरी आहे आणि इंजिन उभे आहे. त्याची क्रँक खालपर्यंत जाणाऱ्या दांड्याला फिरवते आणि तो दांडा पंख्याला.

हे यंत्र लोकांच्या हाती आले ते १९०९ च्या सुमारास. नॉर्वेत जन्मलेल्या आणि अमेरिकेत मिलवॉकीला स्थायिक झालेल्या ओले एव्हिनरुड याने दीड हॉर्सपॉवरची, अठ्ठावीस किलोची मोटर बाजारात आणली. त्या नावाच्या मोटारींचे उत्पादन मे २०२० मध्ये कायमचे थांबले. जुन्या एव्हिनरुड आणि जॉन्सन मोटारी सांभाळणाऱ्यांना सुटे भाग शोधताना हे जाणवते. यामाहाच्या जुन्या टू-स्ट्रोकचे भाग त्यामानाने सहज मिळतात.

आता मोटर सुरू होत नाही म्हणजे नेमके काय, ते पाहू. पेट्रोल इंजिनाला तीन गोष्टी लागतात: योग्य मिश्रण, वेळेवर ठिणगी आणि सिलिंडरमध्ये पुरेसा दाब. पण इंजिनाला हात लावण्याआधी बाहेरच्या गोष्टी पाहाव्यात, कारण निम्म्या वेळी दोष तिथेच निघतो. चालकाच्या मनगटाला बांधायच्या लाल दोरीची क्लिप बटणात बसलेली आहे का? ती निघालेली असली तर ठिणगीच पडत नाही, मग दिवसभर दोरी ओढा. गिअर न्यूट्रलला आहे का? टाकीच्या झाकणावरचा हवेचा छोटा स्क्रू उघडला आहे का? तो बंद राहिला तर मोटर सुरू होते, दोन-तीन मिनिटे चालते आणि गुदमरून बंद पडते. माणूस कार्बोरेटर खोलायला बसतो आणि दोष असतो झाकणात.

त्यानंतर टाकी आणि मोटर यांच्यामधल्या नळीवरचा रबरी फुगा. हा फुगा जे सांगतो ते ऐकायला शिकले तर निम्मे निदान घरीच होते. त्यावर बाण असतो. बाणाचे टोक मोटारीकडे आणि वरच्या दिशेला धरून तो दाबायचा. पाच-सात दाबांत तो टणक झाला पाहिजे. कितीही दाबला तरी मऊच राहत असेल, तर नळी कुठेतरी चिरली आहे, जोडाची रबरी रिंग गेली आहे किंवा फुग्यातली झडप निकामी झाली आहे. पेट्रोलऐवजी हवा ओढली जात आहे, एवढे नक्की. उलट फुगा दाबत राहिले की कार्बोरेटरमधून पेट्रोल टपकत असेल, तर आतली फ्लोटची सुई अडकली आहे. आणि कोणी फुगा दाबत बसले तोवर मोटर चालते, हात काढला की बंद पडते, असे होत असेल तर फ्युएल पंपाचा पातळ पडदा फाटला आहे. हा पडदा स्वस्त असतो आणि पंप मोकळा करून बसवायला फार वेळ लागत नाही.

पेट्रोलची गोष्ट सविस्तर सांगायला हवी, कारण आठ महिन्यांत सर्वात जास्त बिघडते ते तेच.

दोन-तीन महिने उघड्यासारखे पडून राहिलेल्या पेट्रोलमधला हलका, चटकन पेटणारा भाग उडून जातो. जे उरते ते कार्बोरेटरच्या तळाशी हळूहळू आटते आणि रोगणासारखा चिकट थर मागे ठेवते. मंद गतीसाठी पेट्रोल सोडणारे जेटचे भोक सुईच्या टोकाएवढे. ते बुजायला हा थर पुरतो. त्यात आता इथेनॉलची भर पडली आहे. फेब्रुवारी २०२३ पासून देशात वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल विकायला सुरुवात झाली आणि आता ते जवळपास सगळीकडे मिळते. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते. अर्धी रिकामी टाकी पावसाळी हवेत ठेवली की ओल वाढत जाते आणि एका मर्यादेनंतर पाणी व इथेनॉल मिळून खाली बसतात, वर पेट्रोल राहते. मोटारीची नळी टाकीच्या तळातून ओढते, म्हणजे नेमके हेच पाणी ओढते. जुन्या मोटारींच्या नळ्या आणि रिंगा इथेनॉलचा विचार करून बनवलेल्या नव्हत्या. त्या फुगतात, मऊ पडतात, आतून सोलवटतात आणि तो चुरा फिल्टरमध्ये जाऊन बसतो.

हे डोळ्यांनी पाहता येते. कार्बोरेटरच्या तळाचा निचरा-स्क्रू सैल करून जे येईल ते काचेच्या स्वच्छ बाटलीत घ्यावे आणि दहा मिनिटे हलवू नये. चांगले मिश्रण एकसारखे दिसते, वासही ओळखीचा येतो. बिघडलेले असेल तर बाटलीच्या तळाशी वेगळा थर दिसतो, त्याच्या कडेवर मळकट कण, आणि वास आंबूस, जुन्या व्हार्निशसारखा. असे दिसले की टाकीतले सगळे पेट्रोल काढून टाकणे हाच उपाय. त्यात नवे पेट्रोल ओतून भागवायला जाऊ नये. कार्बोरेटर उघडून जेट काढावेत, कार्बोरेटर क्लीनरने धुवावेत आणि हवेने फुंकावेत. तारेने कोचू नये. जेटचे पितळ मऊ असते आणि भोक मोठे झाले की मिश्रणाचे माप कायमचे बिघडते.

ऑइलच्या मापातही गोंधळ होतो. बऱ्याच टू-स्ट्रोक बोट-मोटारींना पन्नासाला एक, म्हणजे लिटरला वीस मिली ऑइल लागते. काही फार जुन्या मोटारींना पंचवीसाला एक, म्हणजे चाळीस मिली. आपल्या मोटारीचे माप तिच्या पुस्तिकेतच पाहावे. ऑइल जास्त झाले की प्लग ओला आणि काळा होतो, कमी झाले तर इंजिनच जाते. पाण्याने थंड होणाऱ्या या मोटारींसाठी टीसी-डब्ल्यू३ दर्जाचे ऑइल येते. दुचाकीचे टू-टी ऑइल वेगळ्या तापमानासाठी बनवलेले असते, ते इथे घालू नये.

पेट्रोल ठीक असेल तर प्लग काढावा. दोरी ओढून ओढून दमल्यावरही प्लग कोरडा निघाला तर सिलिंडरपर्यंत पेट्रोल पोचतच नाही. ओला निघाला तर पेट्रोल येते, पण पेटत नाही. मग प्लग टोपणात बसवून त्याचे धातूचे अंग इंजिनाला टेकवायचे, पेट्रोलच्या उघड्या भांड्यापासून दूर, सावलीत, आणि दुसऱ्याला दोरी ओढायला सांगायचे. निळी, टक्क आवाज करणारी ठिणगी हवी. पिवळट, लडबडती ठिणगी हवेत दिसते, पण सिलिंडरच्या दाबाखाली विझते. नवा प्लग घालून पाहणे सर्वात स्वस्त. त्यानेही फरक पडला नाही तर टोपण, वायर, क्लिपचा स्विच आणि शेवटी कॉइल व सीडीआय. फार जुन्या मोटारीत फ्लायव्हीलखाली पॉइंट असतात. ओलीने त्यांवर गंज चढतो, आणि अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची त्यांची फट बदलली की करंट येत नाही.

पुष्कळदा मोटारीत काहीच बिघाड नसतो, ती नुसती ओव्हर झालेली असते. चोक ओढून ठेवून दहा वेळा दोरी ओढली की सिलिंडर पेट्रोलने भरतो. अशा वेळी चोक बंद करावा, थ्रॉटल पूर्ण उघडावा आणि प्लग काढून, क्लिप काढलेली ठेवून पाच-सहा वेळा दोरी ओढावी. पेट्रोल बाहेर फेकले जाते. मग प्लग पुसून, क्लिप जागेवर लावून, थ्रॉटल सुरुवातीच्या खुणेवर आणून पुन्हा प्रयत्न. दोरी ओढण्याचीही रीत आहे: आधी सावकाश ओढून दात अडकल्याचे हाताला कळू द्यायचे आणि मग एकाच लांब, जोरदार झटक्याने ओढायची. मागे कोणाचा चेहरा नाही ना, हे पाहून.

पेट्रोल आहे, ठिणगी आहे, तरी मोटर खोकतसुद्धा नाही, तेव्हा दाब मोजावा. प्लगच्या भोकात कॉम्प्रेशन गेज लावून, थ्रॉटल उघडा ठेवून चार-पाच झटके द्यायचे. सगळ्या सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या जवळ, साधारण दहा टक्क्यांच्या आत हवेत. एक फारच खाली असेल तर रिंग, पिस्टन किंवा हेड गॅस्केट. टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येते आणि तिथून सिलिंडरमध्ये ढकलले जाते, त्यामुळे क्रँकचे सील किंवा आत येण्याच्या वाटेवरची रीड व्हॉल्व्हची पाती गेली तरी मोटर थंड असताना सुरू होत नाही. हे काम मात्र जाणत्या मेकॅनिकचे.

सरदार सरोवराच्या फुगवट्यावरची स्थिती आणखी वेगळी आहे. नंदुरबार जिल्ह्यातली ३३ गावे या प्रकल्पात बाधित झाली आणि नर्मदेकाठच्या अनेक पाड्यांना पाणी हाच रस्ता उरला. तिथे दवाखानाही बोटीवरून चालवावा लागला. २०२० मध्ये चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे स्वतः वल्हे मारत अलीगट आणि दादरच्या पाड्यांवरच्या बाळांपर्यंत आणि गरोदर बायांपर्यंत जात होत्या. इथे मोटर बंद पडली तर जवळ ना मेकॅनिक, ना प्लगचे दुकान. या बोटींत दोन प्लग, प्लगचा पाना, फ्युएल नळीच्या रिंगा, दोरीचा एक तुकडा आणि वल्हे नेहमी ठेवलेले असावे. बोट-ॲम्ब्युलन्ससाठी निधी देताना या शे-पाचशे रुपयांच्या वस्तूंचीही यादी व्हायला हवी.

हंगाम संपल्यावर करायची कामे तासाभराची आहेत. मोटर गोड्या पाण्याच्या पिंपात उतरवून चालवायची, कारण पाण्याविना चालवली तर पाणी ओढणारा रबरी इम्पेलर काही सेकंदांत जळतो. मागून बारीक धार येते आहे ना, ते पाहायचे. तापीचा गाळ त्याच वाटेने धुऊन निघतो. मग चालत्या मोटारीची फ्युएल नळी काढायची आणि कार्बोरेटर कोरडा होऊन ती आपोआप बंद पडेपर्यंत थांबायचे. प्लगच्या भोकातून थोडे ऑइल सोडून दोरी दोनदा सावकाश ओढायची. खालच्या गिअरचे ऑइल काढून पाहायचे. ते दुधाळ असेल तर सीलमधून पाणी शिरले आहे आणि ते आत्ताच बदलायचे, जूनपर्यंत थांबायचे नाही. टाकी रिकामी करायची आणि मोटर स्टँडवर उभी ठेवायची. पुढे महिन्या-दोन महिन्यांनी पिंपात पाणी भरून, ताज्या पेट्रोलवर ती दहा मिनिटे चालवायची आणि शेवटी पुन्हा नळी काढून कार्बोरेटर कोरडा करायचा. हे काम कोणाचे आणि कोणत्या तारखेला, हे गोदामाच्या वहीत लिहिलेले असावे.

मोटर पुराच्या पाण्यात बुडालीच तर तिला वर काढून सुकत ठेवणे सर्वात वाईट. हवा लागताच आतल्या बेअरिंगांवर गंज चढू लागतो. त्याच दिवशी प्लग काढून, मोटर आडवी करून आतले पाणी दोरी ओढत बाहेर काढावे आणि कार्बोरेटर रिकामा करावा. दोरी ओढताना आत काही अडकल्यासारखे लागले तर जोर करू नये, कदाचित कनेक्टिंग रॉड वाकलेला असतो. मोकळी फिरत असेल तर सिलिंडरमध्ये ऑइल सोडावे, कोरडे प्लग आणि ताजे मिश्रण घालून मोटर सुरू करावी आणि निदान अर्धा तास चालू ठेवावी. लगेच सुरू होत नसेल तर मेकॅनिककडे पोचेपर्यंत ती गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवलेली बरी.