वीस घोडे आणि सव्वातीनशे घोडे

अमेरिकेतील फोर्ड कंपनीने १९०८ साली ‘मॉडेल टी’ ही मोटार बाजारात आणली. १९२७ पर्यंत अशा दीड कोटी मोटारी तयार झाल्या. १९२५ मध्ये कंपनीने याच मोटारीला मागे सामानाचा हौदा जोडून ‘पिकअप’ विकायला काढली. आजच्या ‘एफ-१५०’ या पिकअपची ती खापरपणजीच म्हणा ना!

आता या दोघींची इंजिने पाहा. जुनीचे २.९ लिटरचे, शक्ती २० अश्वशक्ती. नवीत मिळणारे एक इंजिन २.७ लिटरचे, शक्ती ३२५ अश्वशक्ती! इंजिन लहान झाले आणि शक्ती सोळापट वाढली. हे कसे घडले असेल?

एक किलो पेट्रोल नीट जळायला जवळजवळ पंधरा किलो हवा लागते. पेट्रोल जास्त घालणे सोपे. खरी अडचण हवेची. म्हणून इंजिन दर मिनिटाला किती हवा गिळते, यावर त्याची शक्ती ठरते. जुने इंजिन मिनिटाला १६०० फेऱ्यांना पूर्ण शक्ती देई, नवे ५००० फेऱ्यांना देते. म्हणजे तिप्पट वाढ येथेच झाली. उरलेली पाचपट? नव्या इंजिनात धुराड्याकडे जाणारे तप्त वायू एक छोटे चक्र फिरवतात आणि ते चक्र सिलिंडरमध्ये हवा कोंबते. शिवाय दट्ट्या हे मिश्रण सुमारे दहापट दाबतो. जुन्या इंजिनात हा दाब जेमतेम चौपट होता, कारण त्या काळचे पेट्रोल जास्त दाबले तर ठिणगीआधीच भडकून इंजिन ठोके देऊ लागे.

ठिणगी केव्हा पडावी हे आज संगणक ठरवतो. मॉडेल टीमध्ये ते चालकाचे काम होते. सुकाणूखालच्या डाव्या दांडीने ठिणगी आणि उजवीने वेग! पेट्रोल पंपाविना, आसनाखालच्या टाकीतून केवळ गुरुत्वाकर्षणाने उतरे. टाकीत पेट्रोल कमी असताना उभा चढ लागला की इंजिन उपाशी राही. मग लोक गाडी वळवून उलटी चढवत.

इतकी प्रगती झाल्यावर नवी गाडी लिटरमागे कितीतरी जास्त पळत असेल, असे तुम्हाला वाटेल. जुनी लिटरला साडेपाच ते नऊ किलोमीटर जाई. नवी, अमेरिकी सरकारच्या चाचणीनुसार, नऊच्या आसपास जाते!

बचत गेली कुठे? जुनीचे वजन पाऊण टनाच्या आसपास, तर नवीचे दोन टनांच्या वर, आणि तेही २०१५ पासून तिचे अंग ॲल्युमिनियमचे केल्यावर. जुनी ताशी ६५-७० किलोमीटरवर दमत असे. नवी याहून पुष्कळ वेगाने धावते, आणि वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. धडकेत माणसाला वाचवणाऱ्या सांगाड्याचे वजन सार्थकी लागले, यात शंका नाही. पण एकट्या माणसाने भाजी आणायला दोन टन लोखंड-ॲल्युमिनियम हलवावे, हे काही मला पटत नाही.

ओळखीच्या एखाद्या स्कूटरचे वजन विचारा. चालकाच्या वजनाला त्याने भागा, आणि हेच गणित एफ-१५०साठी करून पाहा.