जीपीएस गेलं म्हणून ड्रोन पडत नाही

लग्नाच्या शूटिंगला ड्रोन उडवणाऱ्या पोरांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं: ‘जीपीएस गेलं की ड्रोन खाली आलाच समजा.’ तसं होत नाही. ड्रोन तोल सांभाळतो तो जायरोस्कोप आणि ॲक्सिलरोमीटरवर, उंची धरतो हवेच्या दाबावर. यातल्या कशालाच उपग्रह लागत नाही. जाते ती एका जागी खिळून राहण्याची सोय. स्टिक सोडल्या तरी ड्रोन थांबत नाही, वाऱ्याबरोबर वाहू लागतो. ताशी १८ किलोमीटरचा वारा म्हणजे सेकंदाला ५ मीटर. एवढा वेग ड्रोनने पकडला की मिनिटभरात तो ३०० मीटर लांब गेलेला असतो, आणि मग ‘ड्रोन पळाला’ अशी बोंब होते.

‘काही झालं तर रिटर्न टू होमचं बटण आहेच,’ हा भरवसा त्याहून महागात पडतो. परत यायचं तर निघालो कुठून आणि आत्ता आहोत कुठे, हे ड्रोनला उपग्रहांवरून कळतं. नाक कुठल्या दिशेला आहे, हे कंपासवरून. जीपीएसच नसेल तर ते बटण दाबून काही होत नाही. जीपीएस ठणठणीत पण कंपास बिघडलेला असेल, तर मात्र खरी पंचाईत. समजा, ड्रोनला वाटतंय नाक उत्तरेला आहे आणि प्रत्यक्षात ते पूर्वेला आहे. वाऱ्याने तो दोन मीटर पूर्वेला सरकला. पश्चिमेला परतायचं म्हणून तो आपल्या डावीकडे झेपावतो आणि जातो उत्तरेला. आता दक्षिणेला यायचं म्हणून मागे सरकतो आणि जातो पश्चिमेला. घेर वाढत वाढत गिरक्या सुरू होतात. अशा वेळी जीपीएसच्या नादी न लागणं हाच इलाज: ॲटी मोडचा, म्हणजे जीपीएसशिवाय उडायचा, स्विच असेल तर तो टाकायचा आणि ड्रोन हाताने उडवायचा. अनेक नव्या ड्रोनना हा स्विच नसतो. जीपीएस किंवा कंपास बिघडला की ते आपणहून त्या मोडमध्ये जातात, म्हणून पडद्यावरची सूचना वाचायची सवय हवी.

कंपास कॅलिब्रेट केला की काम फत्ते, हेही अर्धसत्यच. स्लॅबमधल्या सळ्या, गाडीचं बॉनेट, डीजेचे स्पीकर यांच्याजवळ कॅलिब्रेशन केलं तर चूकच पक्की होते. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ बेसाल्टचा, त्यात मॅग्नेटाइट असतं. उघड्या माथ्यावर वीज पडलेल्या जागी तर दगडाचं चुंबकत्व आणखी वाढतं. (संरक्षित किल्ल्यावर उडवायला परवानगी लागते, ते वेगळंच.) ड्रोन थेट कातळावर ठेवून उडवला की जमिनीवर एक दिशा दिसते आणि दोन मीटर वर गेल्यावर दुसरीच. प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून उडवला तरी बराच फरक पडतो.

जीपीएस नसतानाही पोटाखालचा कॅमेरा ड्रोनला जागेवर धरतो, पण जमिनीपासून काही मीटरपर्यंतच, तेही उजेड असेल आणि खाली काही खुणा असतील तर. तळ्यावर त्याची फसगत होते.

मग करायचं काय? आधी नाक आपल्यापासून पलीकडे वळवा, म्हणजे डावं ते डावंच राहतं. वाऱ्याच्या विरुद्ध स्टिक हलकी दाबून धरा. झटके देऊ नका. उंच इमारतींच्या मध्ये सिग्नल गेला असेल आणि वर मोकळं असेल, तर थोडं वर घ्या. आकाश दिसलं की उपग्रह बहुधा परत सापडतात. उघड्या माळावर उलट खाली आणा, जमिनीजवळ वारा कमी असतो. जिथून उडवला तिथेच उतरवला पाहिजे असं काही नाही. माणसं नसलेली सपाट जागा मिळाली की उतरवा.

ड्रोन ठिपक्याएवढा झाला असेल तर नाक कुठे हे डोळ्यांना कळत नाही. नकाशावरचा बाणही तेव्हा खोटा असू शकतो, कॅमेऱ्यातलं चित्र मात्र खरंच असतं. ड्रोन जागच्या जागी सावकाश फिरवा, देवळाचा कळस किंवा पाण्याची टाकी अशी तुमच्या जवळची ओळखीची खूण दिसली की थांबा, आणि चित्रावर नजर ठेवून हळूहळू तिकडे या.