तिसरीच्या नकाशातलं चामटोली

तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक महाराष्ट्रात जिल्ह्यागणिक वेगळं निघत आलं आहे. नागपूरच्या मुलाच्या हाती नागपूर जिल्हा पडतो, रत्नागिरीच्या मुलाच्या हाती रत्नागिरी आणि बदलापूरजवळच्या चामटोलीतल्या मुलाच्या हाती ठाणे. आठ-नऊ वर्षांच्या मुलांसाठी एका राज्याने एकाच विषयाची तिसांहून अधिक पुस्तकं छापावीत, हे आपल्या अभ्यासक्रमातलं मला वाटतं सर्वांत शहाणपणाचं काम. चर्चा मात्र त्याची सर्वांत कमी होते.

चर्चा होते ती भाषांची. पहिलीपासून इंग्रजी आली २००० साली. २०२५च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला आणि जूनअखेरीस वाद पेटल्यावर तो मागे घेतला गेला. या सगळ्या गदारोळात, पहिली ते तिसरीत मूल नेमकं शिकतं काय, हा साधा प्रश्न बाजूलाच राहिला.

वेळापत्रकात मराठी, गणित, इंग्रजी आणि ‘खेळू, करू, शिकू’ असे वेगवेगळे रकाने असतात. पण तिसरीत जिल्ह्याचा नकाशा समोर आला की या सगळ्यांचा हिशेब एकदमच द्यावा लागतो. तालुक्याचं नाव वाचता यायला हवं, अंतरं मोजता यायला हवीत, उत्तर कुठे नि दक्षिण कुठे ते उमगायला हवं. केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ने २०२१ साली याचे आकडेच ठरवून टाकले. संख्यांची ओळख पहिलीअखेर ९९पर्यंत, दुसरीअखेर ९९९पर्यंत आणि तिसरीअखेर ९९९९पर्यंत. वाचन तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द, तेही अर्थासह. ‘अर्थासह’ हा शब्द त्यात सर्वांत जड आहे.

आपल्याकडे वाचन शिकवण्याची रूढ वाट मुळाक्षरांकडून बाराखडीकडे आणि तिथून शब्दांकडे जाते. चौतीस व्यंजनांच्या बाराखड्या म्हणजे चारशेआठ आकार. ते घोकून होईपर्यंत वर्ष सरतं आणि मुलाच्या वाट्याला एकही गोष्ट आलेली नसते. फलटणला १९८४ साली प्रगत शिक्षण संस्था उभी करणाऱ्या भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी हा क्रम मोडला. अक्षरांचा छोटा गट घ्यायचा आणि त्यातूनच लगेच अर्थ असलेले शब्द वाचायचे. करून पाहण्यासारखं आहे. क, म, र, स, न ही पाचच अक्षरं आणि एक काना घ्या. नाक, कान, मान, मका, रस, काका, मामा हे शब्द हाती येतात. ‘मामा, काम कर’ हे अख्खं वाक्यही येतं, आणि ते वाचून वर्ग हसतो. हसला म्हणजे अर्थ पोचला.

गणितातली अडचण वेगळी आहे, आणि ती आपण मराठी माणसं सहसा कबूल करत नाही. ‘त्रेसष्ट’ ऐकताना कानावर आधी तीन येतात, लिहिताना मात्र सहा आधी. ‘एकोणपन्नास’ त्याहून अवघड. पन्नास ऐकायचं, एक मनातल्या मनात वजा करायचा आणि चार लिहून सुरुवात करायची. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत हा नियम मुलाच्या अंगवळणी पडतो न पडतो, तोच नव्याण्णव येऊन तो मोडतं. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘साठ तीन’ अशी वाचनाची पद्धत जुन्या नावांच्या जोडीला आली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचं म्हणणं सरळ होतं : दाक्षिणात्य भाषांत दशक आधी, मग एकक, त्यामुळे मुलांना सोपं जातं. कन्नड मूल एकवीसला ‘इप्पत्तोंदु’ म्हणतं, आधी वीस, मग एक. पण मराठी बुडाली अशी ओरड झाली, विधिमंडळात टोलेबाजी झाली. ओरडणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ‘एकोणसत्तर’ म्हटल्यावर ७९ लिहून ठेवणारं मूल जवळून पाहिलं असावं.

हे सगळे विषय एकत्र बांधण्याची युक्ती ठाणे जिल्ह्याला नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जायचं, ही अंगणवाडी तिथली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी शाळा कुरणात भरली. बिया, खडे, पानं यांवर गणना झाली आणि त्याच पानांवरून झाडांची ओळख. १९७५च्या केंद्रीय योजनेने अंगणवाडी हे नाव देशभर नेलं. बोर्डी-कोसबाड आज पालघर जिल्ह्यात आहे, कारण २०१४च्या १ ऑगस्टला ठाण्याचे दोन तुकडे झाले. म्हणजे ठाणे जिल्ह्याच्या आजच्या नकाशात ताराबाईंचं गावच नाही.

कुरणातल्या शाळेचा प्रश्न मात्र चामटोलीच्या अंबरनाथ तालुक्यात शिल्लक आहे, फक्त कुरणाच्या जागी वीटभट्टी आली. दिवाळी झाली की या पट्ट्यातली अनेक कातकरी कुटुंबं भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं, त्यामुळे पहिलीतल्या मुलाची अक्षरं नुकती जुळायला लागतात तेव्हाच बिऱ्हाड हलतं. वसई भागात विधायक संसद या संस्थेने भट्टीवरच भोंगाशाळा भरवून यावर एक उत्तर दिलं होतं. सरकारी उत्तर म्हणजे शिक्षण हमी पत्रक : मूल जिथे जाईल तिथल्या शाळेत ते दाखवायचं. कागद ठीक आहे. पण गुरुजींची प्रमाण मराठी आणि घरची कातकरी बोली यांतलं अंतर तो मिटवत नाही. नव्या गावात ते अंतर पुन्हा पहिल्यापासून चालावं लागतं.

आता चामटोलीचा परिसर पाहा. राजमाचीच्या डोंगरात उगम पावलेली उल्हास इकडून वसईच्या खाडीकडे निघते. जवळच रेल्वे आहे आणि बदलापूर-कर्जत रस्ता. पावसाळ्याच्या सुरुवातीला बदलापूरच्या बाजारात जांभळांच्या टोपल्या. अंबरनाथला शके ९८२चा, म्हणजे इसवी सन १०६०चा शिलालेख असलेलं शिवमंदिर. शके आणि सन यांतला ७८चा फरक ही तिसरीच्या मुलाला जमणारी वजाबाकी आहे. २०१९च्या २७ जुलैला उल्हासच्या पुराने बदलापूर आणि वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका झाली, तीही याच परिसरात. जिल्ह्याच्या पुस्तकात हे सगळं मावणार नाही, मावायलाही नको.

हा परिसर वर्गात आणण्यासाठी शिक्षकांनी तलाठ्याकडून गावनकाशा मिळवावा. मुलांनी घरी आजी-आजोबांना विचारावं, २००५च्या २६ जुलैला पाणी कुठवर आलं होतं आणि २०१९ला कुठवर. मग त्या खुणा आधी हाताने, वितीने आणि नंतर मीटरपट्टीने मोजाव्यात, नकाशावर दोन रंगांत रेघा ओढाव्यात, खाली चार ओळी लिहाव्यात. त्या ओळींत बोलीतले शब्द आले तर खोडू नयेत. हा तास मराठीचा, गणिताचा की परिसर अभ्यासाचा, हे वेळापत्रकात कुठे लिहायचं ते मुख्याध्यापक ठरवतील.